एका घराचे चार पत्ते : 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आणि संकेतस्थळाच्या 'खऱ्या' नावाचा इतिहास

कोणत्याही संस्थेचे संकेतस्थळ बाहेरून एकच दिसत असले, तरी त्याचे पत्ते सहसा चार असतात. आरंभी 'एचटीटीपी' आहे की 'एचटीटीपीएस', आणि त्यापुढे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आहे की नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून ही चार रूपे सिद्ध होतात. वाचकाने यांपैकी कोणताही पत्ता टाकला, तरी निमिषार्धात त्याला मालकाने पसंत केलेल्या एकाच पत्त्यावर आणून सोडले जाते. या मुकाट हालचालीला पुनर्निर्देशन म्हणतात. तिच्यामागे सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. त्यात थोडा अपघात आहे, थोडे भांडण आहे आणि काही प्रमाणात फसवणूकही आहे. हा धागा त्याविषयी.

मुंबईकराला ही कल्पना परकी वाटू नये. टॅक्सीत बसून 'व्हीटी' म्हटले, 'बोरीबंदर' म्हटले किंवा 'सीएसएमटी' म्हटले, तरी गाडी एकाच इमारतीपुढे उभी राहते. स्थानकाचे अधिकृत नाव १९९६ साली बदलले, २०१७ साली पुन्हा बदलले. परंतु जुन्या नावाने हाक मारणाऱ्याला योग्य ठिकाणी पोहोचवण्याचे काम टॅक्सीवाल्याच्या स्मरणशक्तीने बिनबोभाट केले. संगणकाला अशी स्मरणशक्ती उपजत नसते. त्याच्या लेखी एका अक्षराचा फरक म्हणजे निराळेच नाव, आणि निराळे नाव म्हणजे निराळे घर.

आरंभी प्रश्नच नव्हता, कारण नावांची यादी एकच होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या 'अर्पानेट' या जाळ्यातील सर्व यंत्रांची नावे 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' नावाच्या एका साध्या मजकूर-फाइलीत नोंदलेली असत. ही फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहिती केंद्र सांभाळी, आणि त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवे यंत्र जोडायचे, तर त्यांच्या केंद्राला कळवायचे. मग नाव यादीत चढे आणि बाकीची केंद्रे ती यादी उतरवून घेत. एक दफ्तर, एक नोंद, एक सत्य.

जाळे वाढले तशी ही व्यवस्था तोकडी पडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नाम प्रणालीचा, म्हणजे डीएनएसचा, आराखडा मांडला आणि १९८७ साली त्याचे सुधारित रूप मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यातील क्रांतिकारक गोष्ट तांत्रिक होती, त्याहून अधिक राजकीय होती. एका मध्यवर्ती दफ्तराची सत्ता मोडून प्रत्येक संस्थेला तिच्या हद्दीपुरती सनद मिळाली. मुख्य नाव वरून मिळवायचे, पण त्याच्या पोटात किती नावे ठेवायची आणि कोणती, हे ज्याचे त्याने ठरवायचे. संकेतस्थळांच्या अनेक पत्त्यांचे मूळ या स्वायत्ततेत आहे.

याच मानकात टोपणनावाची सोय होती. एखादे नाव दुसऱ्या नावाकडे बोट दाखवू शकत असे. त्या नोंदीला 'सीनेम' म्हणतात. 'कॅनॉनिकल नेम', अर्थात प्रमाण नाव, याचे ते लघुरूप. तिच्यासोबत एक अट होती : ज्या नावावर टोपणनावाची नोंद आहे, त्या नावावर दुसरी कोणतीही नोंद असता कामा नये. अट तर्कशुद्धच होती. मात्र डोमेनच्या मूळ नावावर (ज्याला कोणताही उपसर्ग नाही, त्या उघड्या नावावर) अधिकाराच्या दोन नोंदी असाव्याच लागतात. परिणामी ज्या नावाला टोपणनावाची सर्वाधिक गरज पुढे पडणार होती, नेमके तेच त्यातून वगळले गेले. १९८७ साली याची फिकीर कोणाला असण्याचे कारण नव्हते. वेब अद्याप जन्मालाच यायचे होते.

ते जन्मले जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९मध्ये प्रस्ताव दिला आणि १९९०च्या अखेरीस त्यांच्या 'नेक्स्ट' संगणकावर जगातील पहिला वेब-सर्व्हर चालू झाला. चुकून कोणी बंद करू नये म्हणून त्या यंत्रावर लाल शाईने तशी सूचना लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. तो संगणक आणि ती चिठ्ठी आजही जपून ठेवलेली आहेत. त्या यंत्राचे खरे नाव उच्चारायलाही अवघड असे 'एनएक्सओसी०१' होते. लोकांना दिलेले नाव मात्र 'इन्फो डॉट सर्न डॉट सीएच'. म्हणजे जगातील पहिल्याच संकेतस्थळाला खरे नाव आणि सांगायचे नाव अशी दोन नावे होती, आणि त्यांपैकी एकातही 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नव्हते.

मग हा उपसर्ग आला कुठून? त्या काळी यंत्राला त्याच्या कामावरून नाव देण्याची रीत होती. फाइली देणारे यंत्र 'एफटीपी', टपाल सांभाळणारे 'मेल', गोफर चालवणारे 'गोफर'. त्याच चालीवर 'वर्ल्ड वाइड वेब' चालवणाऱ्या यंत्राला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' हे नाव मिळाले. सर्नमध्ये बर्नर्स-ली यांचे समकालीन असलेले पावलो पालाझ्झी यांनी एक वेगळी आठवण सांगितली आहे. वेब-प्रकल्पाचे पान 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'वर आणि संस्थेचे मुखपृष्ठ 'इन्फो'वर, असा मूळ बेत होता. परंतु नोंदींची ती अदलाबदल कधी झालीच नाही, आणि जगाने संस्थेच्या नावामागे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावण्याचा पायंडा उचलला. आठवण तंतोतंत असो वा नसो, एवढे निश्चित की हा उपसर्ग कोणत्याही मानकाने घालून दिलेला नव्हता. १९९७ साली एका शिफारशीत सेवांच्या नावांची यादी निघाली आणि तीत वेबसाठी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असे नमूद झाले. पण तोवर रूढी इतकी मुरली होती की ही शिफारस म्हणजे झालेल्या लग्नाची नोंदणी होती.

त्या दिवसांत उपसर्गाला खरेखुरे प्रयोजन होते, हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठाचे उघडे नाव बहुधा टपालासाठी राखलेले असे, किंवा एखाद्या जुन्या मुख्य यंत्राकडे जाई. वेब-सर्व्हर कोपऱ्यातल्या दुसऱ्याच यंत्रावर चाले. उघडे नाव टाकणाऱ्याला काहीही मिळत नसे. उपसर्ग म्हणजे 'मागच्या दाराने या' ही पाटी होती.

१९९५च्या आसपास वेब सामान्य माणसापर्यंत पोहोचले आणि जाहिरातींत, दूरचित्रवाणीवर, दुकानांच्या पाट्यांवर पत्ते झळकू लागले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सेवा खुली केली, ती याच लाटेत. लोकांना पाटीचे प्रयोजन ठाऊक नव्हते. कोणी उपसर्ग लावी, कोणी विसरे. व्यवस्थापकांनी शहाणपणाने दोन्ही नावे एकाच यंत्राकडे वळवली, आणि तेथूनच एका घराला दोन पत्ते झाले.

येथे एक विलक्षण अडचण होती, जिचा आज पूर्ण विसर पडला आहे. वेबच्या मूळ संभाषण-नियमात, म्हणजे आरंभीच्या एचटीटीपीमध्ये, पाहुणा कोणत्या नावाने घर शोधत आला हे घराला कळण्याची सोयच नव्हती. ब्राउझर नावावरून अंकी पत्ता शोधी, त्या यंत्राचे दार ठोठावी आणि एवढेच म्हणे : अमुक पान द्या. पाहुण्याने कोणते नाव टाकले होते, हे तो सांगतच नसे. ज्याला आपले नाव काय घेतले गेले हेच ऐकू येत नाही, तो 'माझे खरे नाव हे नव्हे, ते' असे सांगणार कसे?

'होस्ट' नावाच्या एका ओळीने हा पेच सोडवला. प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझरने आपण कोणाला हाक मारत आहोत हे लिहावे, असे ठरले. काही ब्राउझरांनी हे मानकाआधीच सुरू केले होते; जानेवारी १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ने ते सक्तीचे केले. या ओळीची ख्याती एका यंत्रावर शेकडो संकेतस्थळे नांदवणारी म्हणून आहे, आणि ती रास्तच आहे. पण एकाच पसंतीच्या नावाकडे पाहुण्याला वळवण्याची कलाही तिच्याचमुळे सर्वांच्या आवाक्यात आली.

वळवण्याचे शब्द मात्र आधीपासून तयार होते. १९९२च्या मसुद्यांतच बर्नर्स-ली यांनी 'हलवले आहे' असे सांगणारे उत्तर ३०१ या क्रमांकाने नोंदवले होते. मे १९९६मधील एचटीटीपी १.०च्या दस्तऐवजात त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात : ३०१, म्हणजे कायमचे स्थलांतर, आणि ३०२, म्हणजे तात्पुरते. दोन्हींसोबत नवा पत्ता द्यायचा आणि ब्राउझरने तिकडे निघून जायचे. वाचकाला फरक जाणवत नाही, कारण दोन्ही वेळी तो पोहोचतो त्याच जागी. फरक आहे तो स्मरणाचा. ३०१ ऐकणाऱ्याने जुना पत्ता खोडून नवा लिहून घ्यावा. ३०२ ऐकणाऱ्याने जुनाच ठेवावा, कारण घरमालक परत येणार आहे.

हा भेद कागदावर जितका स्वच्छ होता, तितका व्यवहारात राहिला नाही. अर्ज भरून पाठवलेली माहिती पुनर्निर्देशनाच्या वाटेवर ब्राउझर गाळून टाकत आणि साधे पान मागत. मानकाचा हेतू तसा नव्हता, पण ब्राउझर ऐकेनात. शेवटी मानकानेच माघार घेतली : ३०३ आणि ३०७ असे नवे क्रमांक निघाले, आणि कायमच्या स्थलांतरातही माहिती शाबूत राहावी म्हणून ३०८ हा क्रमांक मानकपदी यायला २०१५ साल उजाडले. एका 'पत्ता बदलला'च्या पाच तऱ्हा झाल्या. कायदा आणि वहिवाट यांच्या झगड्यात वहिवाट जिंकते, हे महसुलाच्या इतिहासातच घडते असे नाही.

क्रमांक असून भागत नाही. ते कधी उच्चारायचे हे सर्व्हरला शिकवावे लागते. त्या काळी सर्वाधिक पसरलेल्या 'अपाचे' सर्व्हरसाठी राल्फ एंगेलशाल यांनी एप्रिल १९९६मध्ये 'मॉड-रीराइट' हा भाग लिहिला आणि पुढल्या वर्षी तो अपाचे मंडळाला भेट दिला. 'आलेले नाव या नमुन्याचे असेल, तर त्याला त्या नावाकडे वळवा' अशा दोन-तीन ओळींच्या मंत्रांनी जगभरच्या संकेतस्थळांचे एकनामीकरण झाले. ते मंत्र बहुतेकांनी न समजताच एकमेकांचे उतरवून घेतले. त्यातील प्रसिद्ध फजिती म्हणजे एका नियमाने पाहुण्याला उघड्या नावाकडे पाठवायचे आणि दुसऱ्याने पुन्हा उपसर्गाकडे. ब्राउझर काही फेऱ्या मारून दमतो आणि पुनर्निर्देशने फार झाली असे सांगून थांबतो. सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून पहिलीवर धाडलेल्या माणसाला हे दृश्य नवे नाही.

तरीही १९९८पर्यंत हा सारा प्रकार टापटिपीचा होता. त्यात पैसा नव्हता. पैसा आला शोधयंत्रांमुळे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये जी पद्धत मांडली, तीत एखाद्या पानाचे वजन त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांवरून ठरे. आता समजा, निम्म्या जगाने उपसर्गासह दुवा दिला आणि निम्म्याने उपसर्गाविना. यंत्राच्या लेखी ती दोन पाने. मते विभागली गेली. निवडणुकीत एकाच उमेदवाराचे नाव यादीत दोनदा छापले जावे, तसे झाले. तेव्हापासून 'एकच पसंतीचा पत्ता' ही गोष्ट व्यवस्थापकाच्या हौसेतून निघून व्यापाऱ्याच्या खातेवहीत गेली.

आणि जिथे पैसा, तिथे लबाडी. २००४-०५च्या सुमारास ३०२चा एक दुरुपयोग गाजला. कोणी लबाड आपल्या पत्त्यावरून दुसऱ्याच्या पानाकडे तात्पुरते पुनर्निर्देशन लावून देई. नियमाप्रमाणे 'तात्पुरते' म्हणजे जुना पत्ता कायम ठेवायचा. म्हणून शोधयंत्र मजकूर घेई खऱ्या मालकाचा आणि त्यावर पत्ता टाके लबाडाचा. खरे पान यादीतून नाहीसे होई, आणि मालकाच्या घरात एक वीटही हललेली नसे. मागच्या-पुढच्या नोंदींत फेरफार करून जमीन लाटण्याचे प्रकार ज्याने जुन्या दफ्तरांत पाहिले असतील, त्याला येथे ओळखीचे काही दिसेल. शोधयंत्रांनी पुढे ३०२चा अक्षरार्थ लावणे सोडले आणि निरनिराळ्या डोमेनांमधील अशा उड्या संशयाने पाहायला आरंभ केला.

उपाय म्हणून गूगलने २००६ साली संकेतस्थळांच्या मालकांसाठी 'पसंतीचे डोमेन' निवडण्याची सोय दिली. एक खूण करायची : उपसर्गासह की उपसर्गाविना. पण ही खूण एकाच कंपनीच्या वहीत राहणार होती. १२ फेब्रुवारी २००९ रोजी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तीन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन 'कॅनॉनिकल' नावाची खूण मान्य केली. पानाच्या शिरोभागात एक अदृश्य ओळ लिहायची : या मजकुराचा प्रमाण पत्ता अमुक. तिला २०१२ साली मानक-दस्तऐवजाचे रूप मिळाले. १९८७ सालचा 'प्रमाण नाव' हा शब्द असा पंचवीस वर्षांनी दुसऱ्याच दाराने परत आला. पुनर्निर्देशन हा हुकूम आहे, ही ओळ मात्र विनंती. शोधयंत्र ती मानेलच असे नाही. 'पसंतीचे डोमेन'ची ती जुनी सोय गूगलने २०१९ साली काढून टाकली. कोणते नाव प्रमाण, याचा अंदाज यंत्र इतर खुणांवरून स्वतःच बांधणार, असे ठरले. ही माघार लहानशी वाटते, परंतु निर्णयाचे केंद्र त्या दिवशी मालकाकडून वाचनालयाकडे सरकले.

दरम्यान एक सांस्कृतिक युद्ध चालूच होते. २००३ साली 'नो-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नावाची मोहीम निघाली. उपसर्ग निरर्थक, लांबलचक आणि कालबाह्य आहे, असा तिचा दावा. इंग्रजीत 'वर्ल्ड वाइड वेब' हे शब्द तीन अवयवांचे आणि त्यांचे 'लघुरूप' नऊ अवयवांचे, ही विसंगती तर उघडच होती. मराठीत तर आकाशवाणीच्या निवेदकांनी हा उपसर्ग उच्चारताना घेतलेले श्वास हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. मोहिमेने संकेतस्थळांच्या तीन श्रेणी केल्या : दोन्ही पत्ते चालवणारी, उपसर्गावरून उघड्या नावाकडे वळवणारी, आणि उपसर्ग मुळी नाकारणारी. या तिसऱ्या श्रेणीत तत्त्वनिष्ठा आहे, पण दारावर आलेल्या माणसाला केवळ हाक चुकली म्हणून परत धाडणे हा आतिथ्याचा प्रकार नव्हे. प्रत्युत्तर म्हणून 'येस-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असे उलट पक्षाचेही बस्तान बसले.

सौंदर्याच्या निकषावर उपसर्गविरोधक जिंकले होते. तंत्राच्या निकषावर बाजी उलटी होती. एक कारण कुकीचे. उघड्या नावावर ठेवलेली कुकी सर्व उपनावांना मिळेल अशी लावली, तर चित्रे देणाऱ्या यंत्रापासून चाचणीच्या यंत्रापर्यंत सर्वत्र ती विनाकारण फिरते. उपसर्ग असेल तर ती आपल्या खोलीत राहते. दुसरे कारण अधिक गंभीर, आणि ते म्हणजे १९८७ची ती अट. १९९८ साली स्थापन झालेल्या अकामाईसारख्या वितरण-सेवा संकेतस्थळाच्या प्रती जगभर ठेवत आणि वाचकाला जवळच्या प्रतीकडे नेत. त्यासाठी संकेतस्थळाच्या नावावर टोपणनावाची नोंद लागे, आणि उघड्या नावावर ती वर्ज्य होती. म्हणून मोठ्या संस्थांना उपसर्ग सोडवेना. गूगल आणि फेसबुक आजही वाचकाला उपसर्गाच्याच पत्त्यावर नेतात; गिटहब उघड्या नावावर राहते. उघड्या नावालाही टोपणनावासारखी नोंद लावता येईल असा नवा नोंद-प्रकार मानक म्हणून प्रसिद्ध झाला, तो नोव्हेंबर २०२३मध्ये. छत्तीस वर्षे.

या वादात विकिपीडिया एका बाजूला उभा आहे. तो २००२ साली 'डॉट कॉम'वरून 'डॉट ऑर्ग'वर गेला आणि जुना पत्ता आजही वाचकाला नव्याकडे नेतो. पण तेथे उपसर्गाची जागा भाषेने घेतली आहे. मराठी विकिपीडियाच्या पत्त्यात आरंभी 'एमआर' येते. जिथे इतरांनी यंत्राचे काम लिहिले, तिथे या प्रकल्पाने वाचकाची भाषा लिहिली.

आतापर्यंतचा झगडा सोयीचा आणि पैशाचा होता. फेब्रुवारी २००९मध्ये, म्हणजे शोधयंत्रांनी 'कॅनॉनिकल' जाहीर केली त्याच महिन्यात, मॉक्सी मार्लिनस्पाइक या संशोधकाने वॉशिंग्टनजवळच्या ब्लॅक हॅट परिषदेत दाखवले की पुनर्निर्देशन हीच एक भगदाड आहे. बँकेचा पत्ता टाकताना कोणीही 'एचटीटीपीएस' लिहीत नाही. ब्राउझर आधी उघड्या, असुरक्षित वाटेने जाई. बँक ३०१ म्हणून सुरक्षित वाटेकडे वळवी. वाटेत बसलेला चोर ते वळवणेच गिळून टाकू शके. मग तो बँकेशी सुरक्षित भाषेत बोले आणि ग्राहकाशी उघड्या भाषेत, आणि ग्राहकाच्या पडद्यावर धोक्याची एकही सूचना येत नसे. फक्त पत्त्यातले एक अक्षर कमी असे. ते कोण पाहतो?

या हल्ल्याने पुनर्निर्देशनाचा एक मूलभूत दुबळेपणा उघड झाला : ते नेहमी चुकीच्या दारात पहिले पाऊल पडल्यानंतरच सुरू होते. त्यावर नोव्हेंबर २०१२मध्ये 'एचएसटीएस' हे मानक आले. संकेतस्थळ एकदा सांगते, 'यापुढे माझ्याकडे फक्त सुरक्षित वाटेने या', आणि ब्राउझर ते ठरावीक मुदतीपर्यंत लक्षात ठेवून पुढच्या वेळी स्वतःच्या पोटातच पत्ता बदलतो; उघड्या वाटेवर पाऊल पडत नाही. पहिल्या भेटीचा धोका उरतो, म्हणून ब्राउझरांनी अशा नावांची यादी आधीच आपल्यात भरून ठेवायला सुरुवात केली. सर्व ब्राउझरांना वाटली जाणारी एक मध्यवर्ती यादी! फाइनलरबाईंच्या फाइलीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या यादीत शिरण्याची एक अट पुनर्निर्देशनाच्या क्रमाविषयी आहे. उघड्या नावाच्या असुरक्षित पत्त्यावरून आधी त्याच नावाच्या सुरक्षित पत्त्यावर न्यायचे, आणि मगच हवे तर उपसर्गाकडे. एका उडीत काम होत असताना दोन उड्या का? कारण उघड्या नावाची प्रतिज्ञा उघड्या नावानेच, सुरक्षित वाटेवर, उच्चारावी लागते. आणखी एक बारकावा अनेकांना महागात पडला. सुरक्षित वाटेवर आधी ओळखपत्राची तपासणी होते, मग संभाषण. ओळखपत्र केवळ उपसर्गाच्या नावाचे असेल, तर उघड्या नावाने आलेल्याला पुनर्निर्देशन मिळण्याआधीच लाल पडदा दिसतो. मोफत ओळखपत्रे देणारी 'लेट्स एन्क्रिप्ट' ही सेवा डिसेंबर २०१५मध्ये सर्वांना खुली झाली, तेव्हा दोन्ही नावांचे पत्र घेणे ही खर्चाची बाब उरली नाही. जुलै २०१८पासून क्रोम ब्राउझर प्रत्येक उघड्या पत्त्यापुढे 'सुरक्षित नाही' असे लिहू लागला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रोमने वेगळेच धाडस केले. आवृत्ती ६९मध्ये पत्त्याच्या पट्टीतून 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आणि मोबाइलसाठीचा 'एम' हे उपसर्ग दिसेनासे झाले. वाचक जात होता उपसर्गाच्या पत्त्यावर. पट्टी सांगत होती उघडे नाव. गदारोळ उठला, आणि तो निव्वळ सवयीचा नव्हता. डीएनएसच्या दृष्टीने ती दोन भिन्न नावे आहेत आणि त्यांवर भिन्न संकेतस्थळे असू शकतात. शिवाय उपसर्ग नावाच्या मध्यभागी असला तरी तो गाळला जात होता. काही दिवसांत बदल मागे घेतला गेला. २०१९च्या जुलैत 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' पुन्हा लपवला गेला, आणि या वेळी आरडाओरडा ओसरला. पुनर्निर्देशन निदान प्रामाणिक असते, ते पाहुण्याला खरोखरच दुसरीकडे नेते. पट्टीतून अक्षरे पुसणे म्हणजे पाहुणा जिथे आहे तिथेच ठेवून दारावरची पाटी बदलणे.

पाटी बदलण्याचा सर्वांत विनोदी आणि सर्वांत धोकादायक प्रसंग एप्रिल २०२४मधला. ट्विटरचे 'एक्स' असे नामांतर जुलै २०२३मध्ये झाले होते, परंतु कितीतरी महिने नवे नाव टाकणाऱ्यालाच जुन्या पत्त्यावर पाठवले जाई. संक्रमणाच्या घाईत आयफोनवरील अॅपने लोकांच्या मजकुरातील 'ट्विटर डॉट कॉम' ही अक्षरे दिसताना 'एक्स डॉट कॉम' करून दाखवायला आरंभ केला. नुसती अक्षरे जुळवली. नाव कुठे सुरू होते हे पाहिले नाही. त्यामुळे कोणी 'नेटफ्लिट्विटर डॉट कॉम' असे लिहिले, तर वाचकाला 'नेटफ्लिक्स डॉट कॉम' दिसे, आणि बोट लावल्यावर तो पोहोचे पहिल्याच, भलत्या पत्त्यावर. 'फेडट्विटर'सारख्या डोमेनांतून 'फेडएक्स' निघे. लबाडांच्या हाती लागू नयेत म्हणून अशी काही नावे भल्या लोकांनीच घाईने नोंदवून ठेवली. चूक लवकर दुरुस्त झाली, आणि १७ मे २०२४ रोजी वाहतुकीची दिशा उलटली : जुना पत्ता आता नव्याकडे नेऊ लागला.

देवनागरीपुढे हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा आहे. ऑगस्ट २०१४मध्ये 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन सुरू झाले आणि मराठी व कोकणीसह अनेक भाषांना आपल्या लिपीत पत्ता घेता येऊ लागला. डीएनएसला मात्र रोमन अक्षरेच कळतात; म्हणून प्रत्येक देवनागरी नावाचे 'एक्सएन'ने सुरू होणारे एक रोमन सांकेतिक रूप पडद्यामागे तयार होते. अशा नावापुढे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावायचे, तर कळफलकाची लिपी मध्येच बदलावी लागते. उघडे नाव चालू ठेवणे येथे आवडीनिवडीची बाब राहत नाही. ज्याच्याकडे देवनागरी आणि रोमन असे दोन्ही पत्ते आहेत, त्याला कोणता कोणाकडे वळवायचा हेही ठरवावे लागते, आणि त्या निवडीत लिपीचा मान गुंतलेला असतो.

त्यातही मराठीची एक खास अडचण. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोहोंतील फरक त्या आडव्या रफाराचा. संगणकावर हा रफार दोन प्रकारे लिहिता येतो : एक, नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त लावून, दुसरा, साध्या 'र्'पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. २००३च्या नियमांत ते अदृश्य चिन्ह पत्त्यातून निमूटपणे गाळले जाई, म्हणजे दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या 'दऱ्या' टाकल्या की वाचक 'दर्या'त जाऊन पडे. २०१०च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतरच्या त्या चिन्हाला अर्थ दिला. मग पत्ते झाले तीन : एक समुद्राचा, आणि दिसायला एकच असलेले दोन दऱ्यांचे. ज्याला दऱ्यांविषयी संकेतस्थळ काढायचे आहे, त्याने निदान आपल्या दोन पत्त्यांपैकी एकावर ३०१ लावून ठेवलेला बरा.